इंग्रजी बोलायला शिकताना लगाम कुणाच्या हातात?

(युवक-युवतींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला 'इंग्रजी संभाषण कौशल्य' असा विषय दिला. तुमच्यातल्या काहींनी वही-पेन काढलेलं दिसतंय. मी फळ्यावर काळांचा तक्ता काढीन आणि मुलाखतीत म्हणायची पंचवीस वाक्यं लिहून देईन, अशी अपेक्षा असेल. तसं काही होणार नाही. मी इंग्रजीचा शिक्षक नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. आमच्या घरात दखनी बोलतात, माझी शाळा मराठी माध्यमाची होती आणि ऑफिसात दिवसभर इंग्रजी चालतं. गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी दोन तास आम्ही काही मित्र मिळून एक सराव-गट चालवतो. सांगली, सोलापूर, बीड, लातूर अशा भागांतून पुण्यात आलेली मुलं-मुली तिथं येतात. कुणी डिप्लोमा केलेला असतो, कुणी बी.कॉम. करत असतं, कुणी फार्मसीत असतं. त्या गटात जे पाहिलं आणि या विषयावर जे वाचलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी एक प्रश्न. दहावीपर्यंत इंग्रजी हा विषय शिकलेल्यांनी हात वर करा. सगळे आहेत. आता ज्यांना कुणीही अचानक विचारलं तरी दोन मिनिटं न अडखळता इंग्रजीत बोलता येईल, त्यांनी हात वर ठेवा. (हशा) चार हात उरले. हसण्यासारखं आहे, पण जरा थांबून विचार करू. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. माझी पिढी पाचवीत एबीसीडी शिकली, तुमची पहिलीत. म्हणजे तुमच्या पदरात दहा वर्षांचं इंग्रजी आहे. दहा वर्षांत माणूस गवंडीकाम शिकून स्वतःचं घर बांधतो. मग आपल्या तोंडून दोन मिनिटं का निघत नाहीत?

आपण अक्कल कमी म्हणून गप्प बसतो, असं नाही. शब्द अजिबात माहीत नाहीत, असंही नाही. आमच्या गटात नवीन मूल आलं की मी त्याला एक उतारा वाचायला देतो. बहुतेकांना तो कळतो. त्याच उताऱ्याबद्दल बोलायला सांगितलं की मान खाली जाते. कळणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. कॅनडात इंग्रजी भाषक मुलांना शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग झाला. त्या मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली एक गोष्ट मांडली. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांना ती उत्तम समजायला लागली, पण बोलताना आणि लिहिताना ती कच्चीच राहिली. कारण ऐकायला भरपूर मिळालं, तेवढं बोलायला मिळालं नाही. म्हणून 'इंग्रजी सिनेमे बघ, आपोआप येईल' हा सल्ला अर्धाच खरा आहे. पोहणाऱ्यांना काठावरून बघून कुणी पोहायला शिकत नाही.

आता बोलताना डोक्यात काय चालतं ते बघू. विलम लेव्हेल्ट या डच मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली त्याचा एक आराखडा मांडला. आधी काय सांगायचं ते ठरतं. मग त्यासाठी शब्द शोधले जातात आणि वाक्यात बसवले जातात. मग जीभ, ओठ, घसा यांच्याकडून ते उच्चारलं जातं. आणि हे सगळं चालू असताना आपलाच एक कान आपल्या बोलण्यावर लक्ष ठेवून असतो. मातृभाषेत मधल्या दोन पायऱ्या आपल्याला जाणवतही नाहीत. भाजी घेताना आपण 'कोथिंबीर' या शब्दाचं लिंग आठवत बसत नाही. परक्या भाषेत मात्र प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं. त्यात आपण आणखी एक पायरी घुसडतो, भाषांतराची. आधी वाक्य मराठीत किंवा उर्दूत तयार करायचं आणि मग ते उलथं करायचं. उलथं अशासाठी की मराठी आणि उर्दू, दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'मी काल दवाखान्यात गेलो' यातलं 'गेलो' शेवटी आहे. इंग्रजीत ते 'मी'च्या लगेच नंतर हवं. म्हणजे अख्खं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, शेपूट पुढं आणायचं आणि मग तोंड उघडायचं. तोवर समोरचा घड्याळ बघायला लागलेला असतो.

इथपर्यंत ही नुसती सवयीची गोष्ट आहे आणि सरावाने सुटते. खरी अडचण त्या लक्ष ठेवणाऱ्या कानाची आहे. तो कान आपला असायला हवा, पण आपण तो दुसऱ्याला देऊन टाकलेला असतो. बोलताना आपण स्वतःला आपल्या कानाने ऐकत नाही. वर्गातल्या त्या हसणाऱ्या मुलाच्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या चुलत बहिणीच्या किंवा मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्या कानाने ऐकतो. 'लोगां क्या बोलेंगे' हे वाक्य आपल्या प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या आधी डोक्यात वाजतं.

या भीतीचाही अभ्यास झालाय. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकणाऱ्यांच्या भीतीचं मोजमाप करण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. ती जगभर वापरली जाते. या भीतीचा संबंध त्यांनी तीन गोष्टींशी जोडला: समोरच्याशी बोलण्याचा धसका, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला कमी लेखतील हे भय. हे जगभरच्या शिकणाऱ्यांबद्दल आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे तुमचे हात थरथरतात ते तुम्ही गावाकडून आलात म्हणून नाही, उर्दू शाळेत शिकलात म्हणूनही नाही. परकी भाषा बोलायला उभ्या राहिलेल्या कुठल्याही माणसाला हे होऊ शकतं.

मग यावर उपाय काय? आपल्याकडे उपाय म्हणून क्लास लावतात. भिंतीवर जाहिरात असते, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. मी सगळ्या क्लासना नावं ठेवत नाही, काही शिक्षक जीव तोडून शिकवतात. पण क्लासमध्ये काय बोलायचं ते सर ठरवतात, कधी बोलायचं तेही सर ठरवतात, चुकलं की नाही तेही तेच सांगतात. एकतिसाव्या दिवशी सर नसतात. मग गाडी जिथं होती तिथं येऊन थांबते, कारण लगाम पूर्ण महिनाभर दुसऱ्याच्या हातात होता.

म्हणून मला आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिला शिक्षणशास्त्रात स्व-नियमन म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. स्वतःच्या शिकण्याचा लगाम स्वतःच्या हातात घेणं. बॅरी झिमरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याचे तीन टप्पे सांगितले. कामाआधीचा विचार, काम करताना स्वतःवर नजर आणि काम झाल्यावर मागं वळून बघणं. मग जे दिसलं त्यातून पुढच्या वेळचा विचार. असं ते चक्र फिरत राहतं.

हे ऐकायला परदेशी वाटेल, पण तुमच्या आईला ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ती सालन करायला घेते तेव्हा आधी बघते, माणसं किती आहेत, घरात काय आहे, कुणाला तिखट चालत नाही. हा पहिला टप्पा. चुलीवर असताना ती झाकण काढते, चमचाभर हातावर घेऊन चाखते, मीठ टाकते, आच कमी करते. हा दुसरा. जेवणं झाल्यावर म्हणते, 'आज मसाला जरा करपला, उद्या कांदा आधी नीट परतायला हवा.' हा तिसरा. तिला कुणी गुण देत नाही, प्रमाणपत्र देत नाही. तरी वीस वर्षांत तिच्या हाताला चव आली ती याच चक्रातून. तेच आपल्याला इंग्रजी बोलण्यात करायचंय.

आता एकेक टप्पा घेऊ.

पहिला टप्पा, काय करायचं ते ठरवणं. गटात नवीन आलेल्याला मी विचारतो, 'तुला काय हवंय?' उत्तर ठरलेलं असतं: 'सर, इंग्लिश सुधारायचंय.' हे ध्येय नाही, हा नवस झाला. कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली भाषा-क्षमतेची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात सहा पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीचं वर्णन 'अमुक करू शकतो' अशा वाक्यांत आहे. मला त्यातली ही वाक्यांची पद्धत फार आवडते. 'माझं इंग्रजी चांगलं आहे' हे कुणी कसं तपासणार? पण 'मी माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं बोलू शकते' हे तपासता येतं. 'मी बँकेत फोन करून कार्ड बंद करायला सांगू शकतो' हेही तपासता येतं. पंधरा दिवसांसाठी असं एकच वाक्य लिहा आणि ते तुमच्या आयुष्यातलं असू द्या. ज्याला पुढच्या महिन्यात मुलाखत आहे त्यानं विमानतळावरचे संवाद पाठ करायची गरज नाही.

दुसरा टप्पा, प्रत्यक्ष बोलणं. इथं मी दोनच पद्धती सांगतो, कारण दहा सांगितल्या तर तुम्ही एकही करणार नाही.

एक आहे चार-तीन-दोन. न्यूझीलंडमधले भाषा-शिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी ही पद्धत सगळीकडे पोचवली. एक विषय घ्यायचा आणि एका मित्रासमोर चार मिनिटं बोलायचं. मग तेच दुसऱ्या मित्रासमोर तीन मिनिटांत. मग तेच तिसऱ्यासमोर दोन मिनिटांत. विषय बदलायचा नाही. पहिल्या वेळी सगळी शक्ती काय सांगायचं आणि शब्द कुठले यात जाते. तिसऱ्या वेळेपर्यंत ते तयार असतं, त्यामुळे मोकळी झालेली शक्ती ओघाकडे जाते. ऐकणारा दरवेळी नवा असल्यामुळे तीच गोष्ट पुन्हा सांगायला कंटाळाही येत नाही. आमच्या गटात आम्ही ही पद्धत सगळ्यात जास्त वापरतो. तिसऱ्या फेरीत मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. भाषांतराची ती मधली पायरी तेवढ्यापुरती गळून पडलेली असते आणि हे त्यांना स्वतःलाच जाणवतं.

दुसरी पद्धत एकट्याने करायची. फोनवर रोज एक मिनिट स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. काय बोलायचं असा प्रश्न पडेल. आमच्या धंद्यात रोज सकाळी टीमची एक छोटी बैठक होते, उभ्या-उभ्या. त्यात प्रत्येकानं सांगायचं असतं: काल काय केलं, आज काय करणार, अडचण कुठं आहे. मी मुलांना हेच तीन प्रश्न देतो. काल, आज, अडचण. यात भूतकाळ येतो, भविष्यकाळ येतो, वर्तमानकाळ येतो. रोजचे शब्द येतात. आणि पुढंमागं आयटीत नोकरी लागली तर हीच बैठक तुमची रोजची परीक्षा असणार आहे. तिची तयारी आत्तापासून फुकटात होते.

तिसरा टप्पा, मागं वळून बघणं. हा आपण सगळे गाळतो. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही. पण तो उधार दिलेला कान इथंच परत मिळतो. ऐकताना एक नियम पाळा: आधी एक गोष्ट जमलेली शोधा, मग एकच गोष्ट सुधारायची निवडा. एकच. आमच्याकडे प्रोग्राममध्ये पन्नास दोष असले तरी एका वेळी एकच हातात घेतो. पन्नास एकदम दुरुस्त करायला गेलं की एकावन्नावा तयार होतो. या आठवड्यात फक्त भूतकाळाची क्रियापदं. पुढच्या आठवड्यात फक्त 'ही' आणि 'शी'चा घोळ. वहीत तारीख घालून दोन ओळी लिहा. महिन्यानंतर पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. प्रगती झाली की नाही, हे दुसऱ्या कुणाला विचारायची गरज उरणार नाही.

उच्चारांबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो, कारण आपल्या मुलांना त्यावरून फार बोललं जातं. 'स्कूल'चं 'इस्कूल' आणि 'स्टेशन'चं 'इस्टेशन' होतं ते उर्दू-हिंदीच्या वळणामुळे. ते कानानं ओळखलं की सरावानं सुटतं. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांच्या सुरुवातीचा फरक मराठीतही नाही आणि उर्दूतही नाही, त्यामुळे तिथं आपण सगळेच सारखे. पण इंग्रजीतल्या 'झीरो'ची सुरुवात आणि 'फादर'ची सुरुवात, हे दोन्ही ध्वनी उर्दूत मुळातच आहेत. 'ज़िंदगी' म्हणणाऱ्याला 'झीरो' शिकवावा लागत नाही, 'फ़िक्र' म्हणणाऱ्याला 'फादर' शिकवावा लागत नाही.  म्हणजे उर्दू शाळेतलं मूल कोऱ्या पाटीनं येत नाही, काही गोष्टी घेऊनच येतं. आपली भाषा ही इंग्रजीच्या वाटेतला धोंडा आहे, असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं.

आता आमच्या गटातल्या एका मुलीबद्दल सांगतो. नाव सांगत नाही, तिलाही ते आवडणार नाही. शाळा उर्दू माध्यमाची, मग फार्मसीचा डिप्लोमा. एका मोठ्या दवाखान्याच्या औषधांच्या दुकानात तिला काम मिळालं. तिथं परराज्यातले पेशंट येत, काही परदेशीही. ती पाठीमागच्या बाजूला गोळ्या मोजायचं काम मागून घ्यायची, म्हणजे खिडकीवर उभं राहायला नको. खिडकीवर उभं राहणाऱ्यांना पगार जास्त होता. तिनं वहीत एक वाक्य लिहिलं: 'मी एका पेशंटला तीन औषधं कधी, किती आणि कशी घ्यायची ते इंग्रजीत समजावू शकते.' बस, एवढंच. रोज रात्री ती घरी खऱ्या चिठ्ठीवरून एका काल्पनिक पेशंटशी बोलायची आणि रेकॉर्ड करायची. पहिलं रेकॉर्डिंग आम्ही ऐकलं तेव्हा त्यात बोलण्यापेक्षा पंख्याचा आवाज जास्त होता. दीड महिन्यानंतर ती खिडकीवर होती. तिचं इंग्रजी फाडफाड झालं का? नाही. राजकारणावर चर्चा करायला सांगितली तर ती आजही अडखळेल. पण 'जेवणानंतर' आणि 'उपाशीपोटी' यातला फरक ती न चुकता सांगते आणि पेशंटला समजलंय की नाही, हे त्याच्याकडून वदवून घेते. मला हे फाडफाडपेक्षा मोठं वाटतं. तिथं चूक झाली तर गुण जात नाहीत, माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

तिची गोष्ट सांगायचं आणखी एक कारण आहे. दीड महिन्यातले पहिले दहा दिवस तिचं एकही रेकॉर्डिंग झालं नव्हतं. आम्हाला वाटलं, आळस. मग कळलं की घरात दोन खोल्या, माणसं आठ आणि तिचा फोन रात्री भावाकडे असतो. ती इंग्रजी बोलायला लागली की धाकटे नक्कल करून हसतात. शेवटी तिच्या अम्मीनं मार्ग काढला. 'रोज रात्री नऊ ते साडेनऊ गच्चीवर ती बसेल, फोन तिच्याकडे राहील आणि कुणी वर जायचं नाही,' असं अम्मीनं घरात जाहीर केलं. ज्या अम्मीला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तिनं त्या मुलीच्या इंग्रजीसाठी आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त केलं.

म्हणून आता तुमच्याइतकंच तुमच्या घरच्यांशी आणि इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलतो. स्व-नियमनातला 'स्व' हवेत उभा राहत नाही. त्याला अर्धा तास लागतो, एक कोपरा लागतो, स्वतःच्या हातातला फोन लागतो. जिचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात आहे, जिचा वेळ घरातल्या प्रत्येकाच्या हाकेवर आहे, जिला बाहेरच्या गटात यायला तीन जणांची परवानगी लागते, तिला 'स्वतःच्या शिकण्याचा लगाम हातात घे' असं सांगणं म्हणजे चेष्टा आहे. मुलाला हे अर्धे तास मागावे लागत नाहीत, ते मिळतातच. मुलीला मागावे लागतात. आपण शिक्षणात समान संधीची भाषा करतो. ती संधी शाळेच्या दाखल्यावर संपत नाही, रात्री नऊ वाजता गच्चीवरही ती तपासली जाते.

आणि हसणं. घरातलं, वर्गातलं, मित्रांतलं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 'मला हे जमेल' हा विश्वास कुठून येतो याचे चार झरे सांगितले. स्वतः केलेलं आणि जमलेलं काम, आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते जमताना बघणं, विश्वासाच्या माणसानं दिलेला धीर आणि आपल्या शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. एक टवाळ हसू हे चारही झरे एकदम आटवू शकतं. उलट आपल्याच मोहल्ल्यातली, आपल्याच शाळेतली मुलगी खिडकीवर उभी राहून बोलताना दिसली तर ती दहा जणींना पुरते. टीव्हीवरच्या निवेदकाकडे बघून 'मला जमेल' असं वाटत नाही. शेजारच्या रुखसानाकडे किंवा रेखाकडे बघून वाटतं. म्हणून गट करा. चार जण पुरेत. खोली हवीच असं नाही, मैदान चालतं, शाळेचा कट्टा चालतो. नियम एकच: जो हसेल त्यानं पुढची चार मिनिटं बोलायचं. (हशा)

दोन शंका नेहमी येतात, त्या मीच काढतो.

पहिली शंका: 'आता फोनमध्ये बोलणारी ॲप्स आली, ती चुकाही सांगतात. मग गट कशाला, वही कशाला?' ॲप वापरा. रात्री अकरा वाजता तुमच्याशी न थकता बोलणारं कुणी मिळत असेल तर सोडू नका. मी त्याच क्षेत्रात काम करतो, मला त्याचं कौतुकच आहे. पण तुम्हाला काय हवंय हे ते यंत्र ठरवू शकत नाही. लगाम सरांच्या हातातून काढून ॲपच्या हातात दिला, तर बदललं काय? वहीतलं ते वाक्य तुमचंच हवं.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे: 'म्हणजे इंग्रजी येत नाही हा आमचाच दोष?' नाही. हे मला स्पष्ट सांगायचंय. ज्या शाळेत दहा वर्षांत एकदाही मुलाला दोन मिनिटं बोलू दिलं नाही, तिथं दोष मुलाचा नाही. जिथं मुलाखत घेणारा उमेदवाराच्या कामापेक्षा त्याच्या उच्चाराकडे आणि आडनावाकडे जास्त बघतो, तिथंही दोष उमेदवाराचा नाही. ते बदलायची लढाई वेगळी आहे आणि ती आपण एकत्र लढायची आहे. वर्गात तोंडी कामाला वेळ मिळावा, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळावं, ही मागणी आपण शाळांच्या पालकसभेत उभं राहून केली पाहिजे. पण ती शाळा सुधारेपर्यंत आपलं वय थांबत नाही. लगाम हातात घेणं म्हणजे सगळा दोष अंगावर घेणं नाही. जेवढं आपल्या हातात आहे तेवढं कुणाला काढून न देणं, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मला ती उपमा थोडी अडचणीची वाटते. वाघिणीचं दूध म्हटलं की ते कुणीतरी शूरवीरानं आणून द्यायचं आणि आपण प्यायचं, असं चित्र उभं राहतं. मला इंग्रजी सायकलसारखी वाटते. सुरुवातीला कुणीतरी मागून धरतं. मग तो हात सुटतो. दोनदा गुडघा फुटतो. त्यानंतर ती तुमची असते, तुम्हाला जायचं असेल तिथं नेते आणि घरी परत आणते. घरी परत आणते, हेही महत्त्वाचं. इंग्रजी आली म्हणून दखनी, उर्दू, मराठी सोडायची नाही. उलट बँकेत, पोलीस चौकीत, कोर्टात, दवाखान्यात ज्यांच्यासाठी कुणीतरी बोलावं लागतं, अशी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. तुमचं इंग्रजी त्यांच्याही कामी यायला हवं.

जाताना एकच काम देतो. आज रात्री एक वाक्य लिहा, 'मी पंधरा दिवसांत अमुक करू शकेन.' मग फोन हातात घ्या आणि एक मिनिट बोला: काल, आज, अडचण. कसंही येऊ द्या. मिनिट संपलं की ते ऐका. मग जमलेली एक गोष्ट आणि सुधारायची एक गोष्ट वहीत टिपा. आणि तुमच्या घरात बहीण असेल, बायको असेल, भावजय असेल, तर तुमचं मिनिट संपल्यावर तो फोन तिच्या हातात द्या, तिला कोपरा मोकळा करून द्या आणि तिचं बोलून होईपर्यंत दाराबाहेर उभे राहा.